मावशींनी सांगितलं होतं
मुलांच्या मनाचे त्रास कसे ओळखावेत, याचं प्रशिक्षण आमच्या शाळेत झालं, तेव्हा नववीतल्या एका मुलीला शाळा सोडून तीन महिने झाले होते.

मी तिची वर्गशिक्षिका. वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरची कामं करायची. आठवीत ती पहिल्या बाकावर बसून शंका विचारून मला भंडावून सोडायची. नववीत एकेक बाक मागे सरकत गेली. वह्या अपुऱ्या, भर वर्गात डोळे मिटलेले. मी डायरीत लिहिलं, 'आळशीपणा वाढला आहे', आणि वडिलांची सही आणायला सांगितली.

एकदा शिपाई मावशींनी मला जिन्यात थांबवलं. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत डबा न उघडता बाथरूममध्ये कडी लावून बसते, विचारलं तर नुसती रडते, असं त्या सांगत होत्या. माझ्या हातात पेपरांचा गठ्ठा होता.

"या वयात सगळ्याच रडतात, मावशी," मी म्हणाले. "घंटा झाली की वर्गात पाठवा म्हणजे झालं."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. पुढे आई येऊन दाखला घेऊन गेली. मी कारणही विचारलं नाही.

प्रशिक्षणात समुपदेशक बाई लक्षणं सांगत होत्या आणि आम्ही लिहून घेत होतो. झोप, जेवण, अपुरा अभ्यास, एकटं बसणं. माझं पेन थांबलं. नंतर जोड्या करून सराव होता. माझी सहकारी विद्यार्थिनी होऊन मान खाली घालून बसली. मी फक्त विचारायचं होतं, काय होतंय तुला? मला ते म्हणता आलं नाही. उठून बाहेर गेले.

सोमवारी शाळा सुटल्यावर तिचं घर शोधत गेले. आईने पाणी दिलं. मुलगी यवतमाळकडे आजोळी होती, तिथल्या दवाखान्यात औषधं चालू होती. फोनवर बोलू का, मी विचारलं.

"नको बाई. शाळेचं नाव निघालं की जेवत नाही ती."

मग रिकामा पेला उचलत म्हणाली, "तुमच्यावर राग नाही तिचा. बाईंनी लिहिलं ते खरंच आहे, म्हणते."

मुख्याध्यापकांना सांगून पुढच्या प्रशिक्षणाला मी मावशींनाही बसवलं. तिच्या वर्गातल्या मुलांनी यंदा दहावीची परीक्षा दिली. ती आजोळीच आहे.