नायगावच्या भाकरी समुद्रकाठी

गेल्या आठवड्यात आमच्या नायगावच्या भाकरी समुद्र बघून आल्या. सोबत मीपण.

झालं असं, आंध्रच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं आणि शेजारच्या शेवंतामावशीच्या लेकीचा, कविताचा, फोन लागेना. पोरगी हैदराबादला नोकरीला होती, तिथंच एका कोळ्याच्या पोराशी लग्न करून किनाऱ्यावर नांदायला गेलेली... मावशी दिवसभर नुसती फोन लावत बसायची.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. गल्ली गोळा केली, टेम्पो ठरवला, तांदूळ, चादरी, औषधं भरली. निघायच्या वेळी मावशी कडक भाकरीचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे घेऊन हजर!

"मावशी, तिकडं भात खातेत. भाकर कोण खाईल?" ड्रायव्हर हसला.

"माझी लेक खाईल," म्हणाली आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

तिकडचं काय सांगू... नारळाची झाडं मुळासकट आडवी, होड्या रस्त्यावर, घरांच्या जागी चिखल. लोकांना शाळांमध्ये ठेवलं होतं. बायका गेलेल्या माणसांची नावं घेऊन रडत होत्या, भाषा कळत नव्हती तरी सगळं कळत होतं.

प्रत्येक शाळेत मी कविताचा लग्नातला फोटो दाखवला, नावानं हाका मारल्या. कुणी ओ देईना. शेवटच्या शाळेत तर मनातून पार खचले होते, पण तोंडावर दाखवलं नाही.

तिथं तांदूळ, चादरी उतरवल्या. राहिलं गाठोडं. म्हटलं, परत कशाला न्यायचं? वाटून टाकू. लोक भाकरी उलटून पालटून बघायला लागले, एका आजोबांनी तर पापड समजून कडाकडा मोडली. एरवी मी हसून लोळले असते.

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक बाई पडून होती. अंगात कुणाचातरी ढगळ शर्ट, केसांच्या जटा झालेल्या. ही बोलत नाही, जेवतही नाही, असं तिथल्या एका बाईनं खुणेनं सांगितलं. मी तिच्याजवळही भाकरी, चटणी, कांदा ठेवला आणि पुढे गेले.

मागून धप्पकन आवाज आला. वळून बघते तर बाई उठून बसलेली... आणि कांदा फरशीवर ठेवून बुक्कीनं फोडलेला!

अगं बाई! ही तर आमच्याकडची!

"कविता?"

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. "ही मायच्या हातची हाय ना?" म्हणाली आणि जी रडायला लागली... तिचा नवरा वादळात होडी बांधायला गेला, तो आलाच नव्हता. तिला पोटाशी धरून मीपण रडले. लाज कसली त्यात?

मावशीला फोन लावून दिला. पलीकडून नुसतं "कविता, कविता" चालू होतं. ही फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसली. शेवटी डोळे पुसून एवढंच म्हणाली, "माय... जेवले मी."

कविता आता नायगावात आहे, मावशीच्या नजरेसमोर. पण तिकडं अजून किती आया फोन लावत बसल्या असतील... देवा, त्यांच्याही कानावर एवढं एक "जेवले" पडू दे.