डोळे उघडे ठेवून भांडणारी मार्थामावशी

आमच्या औशाच्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली, की सगळी मंडळी डोळे मिटायची. मार्थामावशी तेवढी उघड्या डोळ्यांनी बसायची. लहानपणी बोटांच्या फटीतून मी ते पाहिलं आणि कारण विचारलं. म्हणाली, "डोळे मिटून कुनाशी भांडता येतं का रे?"

गोड प्रार्थनांचा तिला तिटकारा होता. कुणी "हे कृपाळू, परमदयाळू पित्या" असं लांबवलं, की ती पदराआडून पुटपुटायची, "लागला लोणी लावाया." एकदा एका शिक्षकांनी उभं राहून साक्ष दिली, की बदली रद्द झाली, देवाची स्तुती असो. मावशीनं माझ्या आईला मोठ्यानं विचारलं, "आन् रद्द झाली नसती तर? सैतानाची स्तुती का?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. लातूरच्या एका महाविद्यालयात सहा वर्षं तासिकेवर शिकवल्यावर कायमची जागा निघाली. ती संस्थाचालकांच्या भाच्याला मिळाली. हा भाचा माझ्याच वह्या वाचून पास झालेला. चर्चची माणसं सांत्वनाला आली, "देवाची काही योजना असेल" म्हणाली आणि चहा पिऊन गेली. भाच्यांची सोय लावणारी योजना! मला त्या माणसांची किळस आली, त्यांच्या देवाचीही. मी चर्च सोडलं.

मावशी काही सांत्वनाला आली नाही. महिन्याभरानं आईनं मला तिच्याकडे डबा घेऊन पाठवलं. तिचे यजमान याकोबकाका नऊ वर्षं लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. दारातच तिचा आवाज ऐकू आला. काकांना एकटीनं कुशीवर वळवताना ती छताकडे बघून ओरडत होती, "नऊ वर्सं झाली! बघून राहिलास नव्हं? नुसता बघतूस काय? धर की त्या बाजूनं!"

काका वळले.

"मावशी, ही कसली प्रार्थना?" मी म्हणालो.

"मंग तुझ्यावानी करू? सायबाला अर्ज दिल्यागत?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जागा हुकली ती त्याला सांगितलीस का?"

"त्याला सगळं माहीत असतं म्हणे."

"असंल. तुझ्या तोंडानं ऐकू दे की. लई शिकलास, पर रुसून घरात बसलास. रुसायला त्यो हाय, आन् बोलायला न्हाई व्हय?"

काकांच्या पायाशी उभ्यानंच, डोळे उघडे ठेवून, मी देवाला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. संपलं तेव्हा मी रडत होतो, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं असं वाटत होतं.

"आत्ता बोललास," मावशी म्हणाली. "आजवर नुस्ते पाढे म्हणून राहिलतास."

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसलो. कॉलेजातली कायमची जागा मिळाली नाहीच. आजही तासिकेवरच आहे.

गेल्या वर्षी मावशी काकांच्या आधीच गेली. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी सुंदर प्रार्थना केली. त्यात देवाची योजना तीनदा आली. मी डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लातूरच्या बसआधी, काकांकडे गेलो. माणूस जड, मला एकट्याला वळवेना. मी छताकडे पाहिलं.

"तिला नेलंस ना? मग आता बघतूस काय? धर की त्या बाजूनं!"

काका वळले, आणि अर्ध्या तोंडानं हसले.