शेवटच्या डब्यातले दोघे

बदनापूरच्या गिरिधररावांनी सगळी नोकरी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल खिडकीवर काढली. त्यांच्या हातचं पार्सल वाटेत कधी फुटलं नाही. खरं सांगायचं तर मुक्कामाला पोचल्यावरही ते लवकर उघडत नसे. चिकटपट्टी आडवी, मग उभी, पुन्हा आडवी, आणि वरून तळहाताने थोपटायचं, असा त्यांचा रिवाज. जालन्यातलं घर सोडून ते बदनापूरला आले तेव्हा सामान असं बांधलं होतं की बायकोला, शैलाताईंना, पहिल्या चहाची गाळणी सुरीने कापून सोडवावी लागली.

त्याच उत्साहात त्यांनी लहानपणीची आगगाडीही बांधली होती. पट्टी आणि गाडीच्या मध्ये कागद घातला नाही. कागद सरकतो, हे पार्सलवाल्याचं शास्त्र.

गाडी पत्र्याची, चावीची. एक इंजिन आणि तीन डबे. वडिलांनी हैदराबादहून आणलेली. मूळचा रंग उडाला तेव्हा थोरल्या भावाने, अण्णांनी, बारीक कुंचल्याने ती पुन्हा रंगवली आणि खिडक्यांमध्ये घरची माणसं बसवली. पहिल्या डब्यात टोपी घातलेले वडील. दुसऱ्यात निळ्या लुगड्यातली आई. शेवटच्या डब्यात अण्णा स्वतः, आणि शेजारी धाकटा गिरी.

आता अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. जाफराबादला मुलाकडे, मुकुलकडे असतात. वर्षभरात त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उतरत गेलं. आधी नातवंडं, मग शेजारी. दिवाळीत तर त्यांनी गिरिधररावांनाच अदबीने विचारलं, "आपलं गाव कोणतं?" गिरिधररावांनी गाव सांगितलं. दुसरं काय करणार.

पण गाडी काही डोक्यातून उतरली नाही. "गाडी कुठंय?" हे सकाळ-संध्याकाळ चालूच. मुकुल बिचारा त्यांना खास जालन्याच्या स्टेशनवर घेऊन गेला. अण्णांनी अख्खी एक्सप्रेस इंजिनापासून नीट पाहिली आणि म्हणाले, "ही न्हाई."

मुकुलने हे फोनवर सांगितलं आणि गिरिधररावांना बरोबर कळलं कोणती. "रविवारी घेऊन ये त्यांना," ते म्हणाले. गाडी पाहून अण्णांना डब्यातला गिरी ओळखता आला, तर हा समोरचा म्हाताराही ओळखता येईल. एवढीच आशा, आणि ती धरून त्यांनी माळ्यावरचं खोकं उतरवलं.

माळ्यावर छपराच्या पत्र्याखाली इतके उन्हाळे काढल्यावर पट्टीचा डिंक काकवीसारखा झाला होता. गिरिधररावांनी पहिल्या डब्याची पट्टी टोकाला धरून सर्रकन ओढली. पट्टी निघाली. तिच्यासोबत वडीलही निघाले, टोपीसकट.

ते कितीतरी वेळ पट्टी हातात धरून बसले. मग ती डब्यावर पुन्हा लावून पाहिली. वडील काही परतले नाहीत.

दुसऱ्या डब्याची पट्टी वाळून आपली आपण सुटली होती, डिंक तेवढा राहिला होता. त्यांनी नातीचं, चिन्मयीचं, नखांचा रंग काढायचं औषध कापसावर घेतलं. डिंक झटक्यात गेला. कापूस पिवळा झाला, मग चॉकलेटी, मग निळा.

"अहो, थांबा ना," शैलाताई म्हणाल्या.

"थांबलो. आता राह्यलंय काय? दोघंही पुन्हा गेले, शैला. या खेपेला माझ्या हातानं."

शैलाताईंनी तिसरा डबा गुपचूप त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतला.

"ह्याला काय लावू? रॉकेल? थिनर?"

"तुमचं डोकं लावू नका, बस. आमच्या माहेरी बायका बिब्बे फोडायला बसायच्या, तर हाताला आधी तेल चोपडायच्या. चीक ओढून न्हाई निघत. त्याला तेल पाजायचं आन् वाट पाहायची."

"वाट कधी पाहू? रविवार येऊन राह्यला."

"मंग सासऱ्यांना काढलं तसं काढा."

गिरिधररावांनी कापसाचा बोळा बाजूला ठेवला.

शैलाताईंनी आधी डब्याच्या पोटाशी, चाकाजवळ, खोबरेल लावून थोडा वेळ ठेवलं आणि पांढऱ्या कापडाने टिपलं. कापड पांढरंच राहिलं, म्हणजे तेलाने रंग सुटत नव्हता. मग डिंकावर तेलाचा पातळ हात. डिंक मऊ पडला की अंगठ्याने हलकेच वळायचा, शेवयांचं पीठ वळतात तसा. नख नाही, सुरी नाही. दर वेळी कापड पाहायचं. गिरिधररावांना हे वळायचं काम दिलं आणि त्या शेजारी पहाऱ्याला बसल्या, कारण नवऱ्याचा हात ओढाळ आहे हे त्यांना लग्नापासून ठाऊक.

अण्णांचा चेहरा वर आला, सदऱ्याच्या गुंड्यांसकट. मग गिरीच्या गालापाशी कापडावर किंचित गहूवर्णी डाग दिसला.

"आता न्हाई," शैलाताई म्हणाल्या.

"अगं, पण मीच तर दिसत न्हाई. थोडंसंच."

"आहे तेवढं राहू द्या. खाली आहात तुम्ही."

त्यांनी अण्णांच्या बाजूचं तेल साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपलं. गिरी मात्र पिवळ्या डिंकाखाली सावलीसारखा राहिला. त्या रात्री गिरिधरराव जेवले नाहीत.

रविवारी मुकुल अण्णांना घेऊन आला. सोफ्यावर बसवून गाडी पुढे ठेवली. अण्णांनी पहिला डबा पाहिला, दुसरा पाहिला.

"हे उतरले," ते म्हणाले.

अण्णांनी तिसरा डबा मांडीवर घेतला आणि डिंकावर अंगठा ठेवला. अंगठा चिकटला. ते सावकाश चोळू लागले.

"अण्णा, रंग..." गिरिधरराव पुढे झाले. शैलाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

अण्णा जरा वेळ चोळून आपसूकच थांबले. डबा उजेडाकडे धरला. "हा गिरी," ते म्हणाले.

गिरिधरराव अगदी तोंडासमोर वाकले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, त्या एक्सप्रेसकडे पाहिलं होतं तसं.

"तुमी आमच्या गिरीला पाह्यलं का हो? जरा बोलवता? गाडी दाखवायची व्हती त्याला."

"बोलवतो," गिरिधरराव म्हणाले.

ते ओसरीवर गेले. तिथं चपलांपाशी उभे राहिले, चष्मा पुसला, आणि दारातून पुन्हा आत आले.

"आलो, अण्णा."

"किती वेळ लावतो," असं म्हणत अण्णा सोफ्यावर थोडे सरकले.