केतकीच्या खोलीला दार नाही

आधीच सांगते, भुताच्या गोष्टींचं हे पान माझी मुलगी वाचते, मी नाही. वडाखाली उभी असलेली बाई, मागून आलेली हाक, गाडीच्या काचेवरचा हाताचा ठसा... असलं वाचून मला झोप येते, भीती वाटत नाही. शनिशिंगणापूरला आमचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. तेल, रुईच्या पानांचे हार, काळं कापड, नारळ. लग्न होऊन आले तेव्हापासून मी गल्ल्यावर बसते. "ताई, घरात रात्री कुणीतरी चालल्यासारखं वाटतं, काय करू?" असं विचारणारा रोज एक तरी भेटतो. मी सांगते, उंदीर बघा. देवाला मानते. बाकी कुणाला नाही.

तरी हे लिहितेय, कारण माझ्या दिरानं गावभर माझ्याबद्दल एक खोटं पसरवलंय. खरं काय झालं ते कुठेतरी लिहून ठेवणं भाग आहे. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं काही अडत नाही.

आमच्या गावात घरांना दारं नसतात हे तुम्हाला माहीत असेल. बाहेरून आलेले लोक चौकटीत उभं राहून फोटो काढतात आणि "किती छान ना" म्हणतात. छान आहे. पण तुम्ही रात्री कडी लावून झोपता. आमच्याकडे ज्याला वाटेल तो येतो, आणि बहुतेक वेळा तो चोर नसतो, नातेवाईक असतो.

घर जुनं वगैरे नाही. स्लॅबचं आहे, गेल्याच दिवाळीत रंगवलेलं. मागची खोली केतकीची, म्हणजे माझ्या मुलीची. चौकट सिमेंटची. तिला बिजागरी नाही, कडी नाही, कडीसाठी पाडलेलं भोकसुद्धा नाही. एक पडदा आहे, तो दिवसा खिळ्याला अडकवून ठेवतो, नाहीतर उकडून मरू.

केतकी चोवीस वर्षांची. नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तेव्हा सावेडीत दोन मुलींबरोबर भाड्यानं राहायची. आयुष्यात पहिल्यांदा कडी लावायची वेळ आली ती तिथे, आणि कडी लावायची असते हेच तिच्या लक्षात राहायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ही पोरगी खोली सताड उघडी टाकून कॉलेजला गेली. बरोबरच्या मुलींनी तिला असं झापलं की रडत मला फोन केला. "मम्मी, यांना वाटतं मी येडी आहे." मी म्हणाले, "येडी नाहीस, शिंगणापूरची आहेस. कडी लाव."

मग मात्र ती कडीच्या प्रेमातच पडली. कॉलेजमधून आली की कडी लावायची आणि गाणी ऐकायची. गाणी म्हणजे तुमची-माझी नव्हेत. आमच्याकडे गाणं म्हणजे गाणं, हिच्याकडे अल्बम. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही न गाळता. मध्ये बोललेलं चालत नाही.

आता ती नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रोज घरून जाते, घरी येते. त्यामुळे हे अल्बम मला तोंडपाठ झालेत, कारण आवाजाला अडवायलाही आमच्याकडे दार नाही. एक इंग्रजी आहे, त्यातली बाई इतक्या भराभर बोलते की मी आधी टेप अडकली समजले. केतकी म्हणते, रोज सकाळी बसमध्ये ती बाई नसती तर मी नोकरी सोडली असती. दुसरा 'खडी' नावाचा, आपल्याच भागातल्या कुणा मुलाचा मराठी रॅप. क्रशरवर काम करणारा मुलगा आहे म्हणे. तो मला आवडतो. शिव्या आहेत, पण कुणाला द्यायच्या ते त्याला नीट माहीत आहे. आणि तिसरा 'भाड्याची खोली'. चार मुलांचा बँड, गिटार, आणि दाढ दुखत असल्यासारखा गाणारा एक जण. केतकीचा सगळ्यात लाडका. का, तर सावेडीतल्या खोलीत तिनं पहिल्यांदा आठवणीनं कडी लावली, तेव्हा मोबाईलवर तो वाजत होता. "मम्मी, तो लावला ना, की मला कडी लावल्यासारखं वाटतं." मी म्हणाले, बरं वाटतंय ना, वाटू दे. जरा हळू लाव.

यातून तिला स्वतः गाणी करायचं खूळ लागलं. लॅपटॉप घेतला, माईक घेतला, रविवारी डोक्यावर गोधडी घेऊन आत बडबड करायची. सात गाणी झाली होती, आठवं झालं की सगळी एकदम नेटवर टाकणार. मी सांगितलं होतं, दुसरीकडे एक प्रत ठेव. "हो मम्मी, ठेवते." ठेवली नव्हती.

सातातलं एक गाणं माझ्या दिरावर होतं.

आप्पा भाऊजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. शेजारीच राहतात. गावात वजन आहे, आणि ते वजन आमच्या घरात येऊन टाकतात. चपला घालून आत. फ्रिज उघडून बघणार काय आहे. केतकीच्या पलंगावर बसून तिचा मोबाईल हातात घेणार, "कुनाशी बोलती गं एवढं?" मी किती वेळा बोलले असेन. उत्तर एकच, "वहिनी, आपल्यात कुठं दार हाय?"

गाणं कसं होतं ते दोन ओळींवरून कळेल.

दार न्हाई घराला, लाज न्हाई काकाला,
चप्पल घालून शिरतो थेट सैपाकघराला.

केतकीनं ते कारखान्यातल्या एका मैत्रिणीला ऐकवलं. मैत्रिणीनं मोबाईलवर तुकडा उचलला, आणि फिरत फिरत तो आप्पा भाऊजींच्याच ग्रुपवर आला. तोही नेमका त्या रविवारी, ज्या दिवशी केतकीला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ त्यांनीच आणलेलं, राहुरीकडचं.

साडेअकरा-बाराचा सुमार. ऊन रणरणत होतं. नवरा दुकानात. मी पोह्यांना कांदा चिरत होते आणि आत 'भाड्याची खोली' सुरू होतं. भाऊजी तरातरा आले, मागून त्यांची बायको मंगल.

"कुठंय ती?"

"साडी नेसतेय. आत जाऊ नका."

"साडी बिडी नंतर. तो लॅपटॉप पयला भाईर काढतो. दगडावर आपटतो का न्हाई बघा. पावनं याच्या आधी."

"भाऊजी, तिच्या पगाराचा आहे तो."

"आन् इज्जत कुनाच्या पगाराची हाय, वहिनी? समदं गाव हसाय लागलंय!"

मंगल म्हणाली, "अहो, पावनं गेल्यावर बघा ना."

"तू गप."

आणि निघाले. मी विळी बाजूला सारून मागे धावले. खोटं कशाला सांगू, साडीचं मीच बनवून सांगितलं होतं. केतकी पलंगावर मांडी घालून बसलेली मला लांबूनच दिसली, पाहुणे यायची वेळ झाली तरी कालच्याच टी-शर्टात, मांडीवर लॅपटॉप. पडदा खिळ्याला अडकवलेला. समोरच्या खिडकीतून ऊन थेट आत. मधे काहीही नव्हतं.

भाऊजी चौकटीपाशी पोचले आणि ठाण्णकन आवाज झाला.

लाकडाचा आवाज. फळीवर नारळ आपटावा तसा. ते मागे आले, कपाळाला हात लावला, पुन्हा पुढे गेले. पुन्हा तेच. मग दोन्ही हातांनी ठोकायला लागले. मूठ हवेत थांबत होती आणि प्रत्येक ठोक्याला दार वाजावं तसं वाजत होतं. मंगल "आगं आई..." म्हणून भिंतीला टेकली.

मला वाटलं नाटक करतायत. "सरका बाजूला," म्हणाले आणि हात पुढे केला.

हाताला दार लागलं.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. उन्हात चिकट होतो तसा ऑइलपेंट लागला. खाली-वर चाचपडलं. लाकूड. त्यातून गाण्याचा ठोका तळव्याला लागत होता. डोळ्यांना मात्र पोरगी समोर, खिडकी समोर. आणखी एक गोष्ट... गाणं आतून येत होतं, पण दबकं. बंद दाराआडून येतं तसं. या घरात मी तसा आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात काहीच दबकं ऐकू येत नाही.

केतकी आमच्याकडे बघत होती. ओठ हलत होते. काय म्हणतेय ते कळेना.

आता घाबरून बसून काय करायचं? मी मागच्या अंगणातून फिरून खिडकीशी गेले. तिथे गाणं नेहमीसारखं मोठ्यानं, कान किटतील असं.

"मम्मी, काय चाललंय? काका असं काय करतोय?"

"तुला काय दिसतंय?"

"तुम्ही तिघं चौकटीत उभे होता. मी कधीची म्हणतेय, या ना आत. काका नुसता हात हलवतोय मूकपटातल्यासारखा."

"ठोकल्याचा आवाज?"

"कसलं ठोकलं?"

आतून तिला भाऊजी ऐकूही येत नव्हते. आणि खिडकीतून मला दिसत होते... लालबुंद माणूस उघड्या चौकटीत हवेशी मारामारी करतोय.

मी म्हणाले, "बाहेर येऊ नको. गाणं बंद करू नको." का म्हणाले, विचारू नका. तेव्हा तेवढंच सुचलं.

पुढे येईपर्यंत पाहुणे ओसरीवर. मुलाचे वडील, आई, एक मामा. त्यांनी काय पाहिलं? कपाळावर टेंगूळ आलेला मुलीचा काका, उघड्या चौकटीला खांदा लावून ढकलतोय आणि ओरडतोय, "उघड! उघड म्हनतो ना!" मामांनी हळूच विचारलं, "त्यांची तब्येत बरी असती का?" मी म्हणाले, "नाही. पोहे घ्या."

त्यांनी पोहे घेतले. तेवढ्यात आतला अल्बम संपला. भाऊजींनी पुन्हा खांदा लावला आणि ते तसेच आत पालथे पडले. केतकी लॅपटॉप छातीशी धरून त्यांना ओलांडून बाहेर आली, पाहुण्यांना नमस्कार केला आणि टी-शर्टवरच समोर बसली. सगळ्यांसमोर तिच्या हातातून हिसकावून घ्यायची भाऊजींची हिंमत झाली नाही. पाहुणे चहाला थांबले नाहीत. पुन्हा फोनही नाही. उत्तम झालं.

त्याच संध्याकाळी केतकीनं सातच्या सात गाणी नेटवर टाकली. आठव्याची वाट बघितली नाही.

इथवर मी कुणाला काही सांगणार नव्हते. पण भाऊजी पारावर जाऊन बसले आणि सांगितलं की वहिनीनं घरात काचेचं दार बसवलंय. शिंगणापुरात! हा आरोप काय असतो तो आमच्या गावातल्यालाच कळेल. त्यापेक्षा चोरीचा आळ परवडला. दुकानात रोजची गिऱ्हाइकं लांबून जायला लागली. सासरच्या लोकांचे फोन, "काय गं, घराण्याला बुडवायला निघालीस?" शेवटी गावातली चार मोठी माणसं बघायला आली. मी म्हणाले, या, चांगलं बघा. त्यांनी चौकटीवरून बोटं फिरवली, भोक शोधलं, बिजागरीची खूण शोधली, रंग खरवडला. एक म्हातारे तर आत-बाहेर आत-बाहेर दहा चकरा मारून आले आणि दमून पलंगावर बसले. "आप्पा, हितं तर वारं वाहातंय. तुला उनाचं झालं आसंल."

"वहिनीला इचारा! तिनंबी हात लावला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "माझ्या घरात दार नाही." हे खरंच आहे. दार नाहीच.

भाऊजी तेव्हापासून आलेले नाहीत. मंगल येते, चप्पल बाहेर काढून. लोक म्हणतात उन्हानं भास झाला, दोघांना एकदम. कारखान्यातल्या एका शहाण्यानं केतकीला सांगितलं, स्पीकरच्या आवाजाचा दाब असतो. मी त्या खोलीत तोच स्पीकर, तोच अल्बम, तसंच भर दुपारी लावून आत-बाहेर केलं. केतकी घरात असताना, नसताना. काही झालं नाही. माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते स्वतःजवळ ठेवावं.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. आप्पाला अडवलं ते योग्यच केलं, जे कोण असेल त्यानं. पण मी तिची आई. मला का अडवलं? मी काही लॅपटॉप फोडायला जात नव्हते. केतकीला शेवटी एकदा सरळ विचारलं.

ती हेडफोन मानेवर उतरवत म्हणाली, "तू कशाला येत होतीस?"

"साडी नेस म्हणून सांगायला. पाहुणे येणार होते."

"मग?" म्हणाली, आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.