राजापेठेतली सभा आणि अकोल्याचा जामीन

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही कलावंत मंडळी अमरावतीच्या राजापेठेत रस्त्याच्या कडेला बसलो होतो. कॉलेजात नाटकं करणारी मुलं, एक-दोन चित्रकार, भारुडं म्हणणारे एक गृहस्थ आणि आमची खडी गंमतवाली, म्हणजे इकडच्या तमाशातली, माणसं. ब्रह्मदेशातल्या एका विनोदी नटाला तिथल्या लष्करानं तुरुंगात टाकलं आहे. भर खेळात सेनापतींवर विनोद केले, एवढाच त्याचा गुन्हा. जागोजागचे कलावंत त्याच्या सुटकेसाठी रस्त्यावर येत होते. आपणही बसू, असं मीच सुचवलं होतं.

एका स्कूटरवाल्यानं गाडी बंद न करताच विचारलं, "काय होऊन राहिलं बे इथं?"

"बर्मातल्या एका कलाकाराले सोडा म्हनतो आमी," आमचा ढोलकीवाला म्हणाला.

"बर्मा म्हंजे थे सागवानवालं?"

"हो, थेच."

"मंग इथं बसून कसा सुटन थो?" असं म्हणून तो निघून गेला. आम्हीही हसलो.

मग मी बोललो. पोटासाठी मी एका शिक्षणसंस्थेत कारकुनी करतो, पण गंमतीत शाहीर म्हणून उभं राहण्यात निम्मं आयुष्य गेलं आहे. चार माणसांपुढे बोलणं मला जड जात नाही. हसवणाऱ्याला कोंडणारं सरकार घाबरट असतं, असं मी म्हणालो. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नसतं, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागून एक बाई उठल्या. आमच्या सोंगाड्याची बायको. नवराबायको अकोल्याला फुलं विकतात. कुणाकडून तरी ऐकून त्या एसटीनं आल्या होत्या.

"भाऊजी, लय चांगलं बोलले तुमी. इथून बर्माले जाची गाडी भेटते का?"

मुलं हसली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग असेल.

"नाई, अकोल्याची त तुमाले भेटून नाई राहिली, म्हून इचारलं."

त्या काय म्हणत होत्या, ते तिथं फक्त आम्हा गंमतवाल्यांना कळलं. आमचा सोंगाड्या तेव्हा अकोल्याच्या तुरुंगात होता.

पातूरकडच्या एका गावात आमचा खेळ होता. खडी गंमतीत शाहिरानं सवाल टाकायचा आणि सोंगाड्यानं त्यावर उत्तर द्यायचं. सवालाशिवाय तो तोंड उघडत नाही. समोर बसलेल्या सगळ्यात मोठ्या माणसाची आधी थट्टा करायची, हाही रिवाज. त्याला वगळलं तर त्याचा मान ठेवला नाही असं होतं. त्या दिवशी पुढच्या खुर्चीवर त्या भागातले पुढारी होते, सगळे त्यांना साहेब म्हणतात. मी विचारलं, "सोंगाडे, तुमच्या गावाचा मंजूर झालेला रस्ता कुठं गेला?"

तो म्हणाला, "रस्ता? थो सायबाच्या गाडीतच बसला ना बाप्पा. म्हने, मले बी फिराले न्या. साहेब बंगल्यापाशी उतरले, थो बी उतरला. आता बंगल्यातूनच नाई निघून रायला!"

माणसं लोळली. साहेबही हसले. पण कुणीतरी तेवढंच फोनवर टिपून पसरवलं आणि तक्रार झाली. साहेबांची बदनामी केली, गावात तेढ पाडली, असं काहीबाही. त्या तुकड्यात माझा सवाल नव्हता. तो उत्तरापासूनच सुरू होत होता. पोलीस त्याला घेऊन गेले. माझं नाव कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढे त्याला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. ज्याच्या नावावर जमीन आहे, असा माणूस हवा होता. त्याच्या नातेवाइकांनी साहेबांच्या भीतीनं अंग काढून घेतलं. माझ्या नावावर काळी जमीन आहे. वहिनींनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी "पाहतो" म्हणालो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष साहेबांचे व्याही आहेत. माझी नोकरी त्यांच्या हातात आहे. तेवढी एक गोष्ट मी वहिनींना सांगितली नाही.

राजापेठेत त्यांनी ती विचारलीही नाही. एवढंच म्हणाल्या, "सकाळी कोर्टात साहेबाचा मानूस जामीन देनार हाय. थ्याच्या बदल्यात माफी मागाची. त्याच्याआंधी तुमी आले, त नाई मागा लागत."

सोमवारी सकाळी सातबारा घेऊन मी निघालो. खरं म्हणजे पहिल्या एसटीनं जायला हवं होतं. पण आधी ऑफिसात रजेचा अर्ज ठेवायला गेलो. कारण काय लिहायचं, या विचारात बसून राहिलो. शेवटी 'प्रकृती बरी नाही' असं लिहिलं. अकोल्याच्या कोर्टात पोचलो तेव्हा जामीन झाला होता. सोंगाड्याच्या वकिलानं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता काय कामाचा तो?"

दुपारनंतर तो तुरुंगातून बाहेर आला. गाल बसले होते. फाटकासमोर साहेबांच्या माणसांची जीप उभी होती. त्यांनी त्याला वहिनींच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. जीपला टेकवून उभं केलं आणि एकानं फोन समोर धरला.

"हं, बोल."

त्यानं तोंड उघडलं, पण शब्द निघेना. पुन्हा धरला, पुन्हा तेच.

"काहून बे? तिथं त लय चुरूचुरू बोलत होता!"

मी दहा पावलांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सोसलं असतं. खेळात पाहायचा तसंच पाहिलं त्यानं.

"शाहीर, तुमी इचारा ना. मले सवालाबिगर येत नाई."

जीपवाले हसले. "इचारा, शाहीर, इचारा! लवकर आटपा."

मी वहिनींकडे पाहिलं नाही. पुढे गेलो आणि विचारलं, "सोंगाडे, तुमचं चुकलं का?"

"चुकलं जी."

"पुन्हा असं बोलाल का?"

"नाई जी. साहेब आमचे मायबाप हाय."

"मस्त आलं," फोनवाला म्हणाला आणि जीप गेली. मी वहिनींना काहीतरी सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची गाडी चुकन." त्यांनी ऑटो थांबवला, नवऱ्याला आत बसवलं.

तो व्हिडिओ अमरावतीतही फिरला. राजापेठेत बसलेल्या मुलांनीही पाहिला. मला कुणी काही म्हणालं नाही. ब्रह्मदेशातल्या नटासाठी ती मुलं पुन्हा बसली, तेव्हा मला निरोप आला नाही. तो नट अजून आतच आहे.

आमचं मंडळ मोडलं. साहेबांवरचा तो सवाल माझा होता, हे ठाण्यात जाऊन लिहून द्यायचं मी ठरवलं आणि आधी सोंगाड्याला सांगायला अकोल्याला गेलो. तो दुकानात शेवंतीचा हार गुंफत होता. मी बोललो, त्यानं मान वर न करता ऐकून घेतलं.

"आता काहून सांगता, शाहीर? पुन्हा मलेच उभं करतीन ना थे, साक्षीले."

 एका गिऱ्हाइकानं हाराचा भाव विचारला. त्यानं एका शब्दात सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, तुमी थे गंमतवाले ना? सांगा ना एखादं."

तो म्हणाला, "नाई जी. मी फुलं विकतो."