पाच डोशांचा उशीर

पंचिंगअक्का कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ कधी मिनिटांत सांगत नसे. "आज एका लोटाभर कॉफीत उठला गं," असं ती म्हणाली, की समजायचं, लवकर झाला. "आज पाच डोसे झाले, चटणी वाटली, तरी झोपलेलाच," म्हणजे प्रकरण गंभीर. बटण दाबून ती स्वयंपाकघरात जायची आणि तिथूनच मान बाहेर काढून पडद्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "काल माझी आंघोळ, पूजा, सगळं झालं, मग उठला. आणि उठून कसा बघत होता माहितेय? जसं काही झालंच नाही."

ती आमच्या चामराजपेटच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायची. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्यांची इथली. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही मिसळलेलं. तिचं खरं नाव मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं. भरतकामाच्या मोठ्या मशीनला सुई कुठे टोचायची, कुठे वळायचं, दोरा कुठे तोडायचा, हे एका फाइलीतून सांगावं लागतं. ती फाइल बनवण्याला या धंद्यात पंचिंग म्हणतात. मशीनवाले कागदावर मोर काढून आणायचे, आणि अक्का तो मोर टाका टाका करून कॉम्प्युटरमध्ये बसवायची. नवरा गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर, तिनं हे काम शिकून घेतलं होतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, ते लग्नही याच कामाच्या पैशांवर झालं.

शिकवलं होतं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसानं, चार दिवसांत. अक्काचं शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं तिला लागत नसत. म्हणून तिनं सगळं जागेवरून पाठ केलं होतं. "वरून तिसरं, आत दुसरं, तिथं गोगलगाय." गोगलगाय म्हणजे गोल भरणीचा टाका. सापशिडी, कुंकवाची डबी, पाल, अशी पडद्यावरच्या बटणांच्या चित्रांना तिनं नावं दिली होती. मी शेजारी बसून बघायचे तेव्हा तिचा हात इतका भराभर चालायचा, की मला इंग्रजी वाचता येऊनही ती कुठे गेली ते कळायचं नाही.

भरलेलं कापड हातात आलं, की ती आधी उलटं करून बघायची. मागचे दोरे, गाठी, कुठे ताण आलाय, कुठे सैल पडलंय. "पुढून सगळेच चांगले दिसतात गं पुट्टी," ती म्हणायची. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहान मुलगी. मी कॉलेजात गेले तरी पुट्टीच राहिले.

कॉलेजात गेले, इथूनच खरं तर सगळं सुरू झालं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात गेलं होतं. माझे बाबा ब्लाउज शिवतात. मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं म्हटल्यावर गल्लीनं ठरवून टाकलं, की आता कॉम्प्युटरचं जे काही बिघडेल ते मला येतं. पहिल्या वर्षी आम्हाला खोक्याच्या आत काय असतं हे कुणी उघडूनही दाखवलं नव्हतं. आम्ही फळ्यावरचं गणित वहीत उतरवत होतो. पण "मला येत नाही" म्हणायची भीती वाटायची. बाबा शेजारी उभे असायचे आणि त्यांचा चेहरा असा असायचा, की माझ्या तोंडून "बघते" एवढंच निघायचं.

अक्कानं मला बोलावलं ते दुसऱ्या वर्षी. "ये की स्वल्प. याचं काय कळत नाही. एक दिवस पोरासारखा टुणकन उठतो, एक दिवस म्हाताऱ्यासारखा." मी गेले. कागद घेतला, तारीख, वेळ, किती मिनिटं, असे रकाने आखले आणि तिला म्हटलं, रोज घड्याळ बघून लिहायचं. ती "सरी" म्हणाली. सरी म्हणजे बरं, ठीक. पण अक्काचं सरी दहा प्रकारचं होतं. मशीनवाल्याला म्हणायची ते तोडून टाकणारं. भाजीवाल्याला म्हणायची ते अजून भाव करायचा आहे असं. मला म्हणाली ते मुलाला औषध पाजण्याआधी म्हणतात तसं. आठवड्यानं कागद बघितला तर त्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं, "भात", "भात आणि सार", "कॉफी", "फक्त दूध तापलं".

मी नेटवर शोधलं. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. अँटिव्हायरस काढला, परत घातला. प्रिंटरची वायर काढून बघितली. डिस्क तपासणारं काहीतरी चालवलं, त्यानं एकदा चांगली सांगितली आणि एकदा चांगली नाही सांगितली. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी तो झटकन उठायचा, मला वाटायचं जमलं, आणि तिसऱ्या दिवशी अक्का दारातून म्हणायची, "पुट्टी, आज परत डोसे."

याच दिवसांत तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. "मंगळवार-शुक्रवार बरा उठतो बघ. देवाचा वार कळतो त्याला." त्या दोन दिवशी ती खोकं ओढून मागचा केर काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि त्याला हळदीकुंकू लावायची. तिचं पोट त्याच्यावर होतं, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. मी हसले नाही. पण कागदावर लिहूनही घेतलं नाही.

श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाआधीचे पंधरा दिवस म्हणजे तिची सुगी. सगळ्या बायकांना भरलेल्या बाह्यांचे ब्लाउज हवे असतात. त्या वर्षी नेमका ऐन गर्दीत, एका गुरुवारी, तो अकरा वाजेपर्यंत उठलाच नाही. मशीनवाला पायरीवर बसून होता. दर पाच मिनिटांनी विचारायचा, "अक्का, आयता?" म्हणजे झालं का. अक्का तोंडानं "आलाच, आलाच" म्हणत होती आणि पदरानं पडदा पुसत होती. शेवटी मशीनवाला उठला. जाताना वाईट काही बोलला नाही. म्हणाला, "पुढच्या गल्लीत एक जण लॅपटॉपवर करून देतो म्हणे. बघतो या वेळेपुरतं." अक्का म्हणाली, "सरी." हे अकरावं सरी मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. एका सीनिअरला फोन केला. तो म्हणाला, जुना आहे, फॉरमॅट करून टाक, दुसरा उपाय नाही. मी अक्काला विचारलं, सगळी डिझाइनं वेगळी काढून ठेवली तर चालेल ना? चालेल. सॉफ्टवेअरची सीडी आहे ना? तिनं ट्रंकेतून साडीत गुंडाळलेली सीडी काढून दिली. मग तिनं एकच विचारलं.

"काही जाणार नाही ना गं?"

"नाही अक्का," मी म्हटलं.

दुपारी तो एकदाचा उठला तेव्हा तिची सगळी डिझाइनं मी पेन ड्राइव्हवर घेतली, दोनदा मोजून. एक फाइल हरवली नाही. फॉरमॅट झालं. सीडी चालली. प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर एक लांबलचक आकडा आला. हा आकडा विकणाऱ्याला कळवा आणि त्याच्याकडून जोडीचा आकडा घ्या, असं त्याखाली लिहिलं होतं. प्रोग्रॅम नव्यानं घातला, की दर वेळी नवा आकडा, त्याला नवा जोड, आणि तो मिळेपर्यंत काम बंद.

सीडीच्या पाकिटावर फोन नंबर होता. अक्कानं लावला. तो आता दुसऱ्याच कुणाचा होता, तुमकूरकडच्या एका माणसाचा. तिला वाटलं आपलं बोट चुकलं, म्हणून परत लावला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो माणूस रागावला नाही. त्यानंच विचारलं, "ऊटा आयता अम्मा?" जेवण झालं का. अक्का म्हणाली, "अजून नाही रे बाबा," आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस मी काय काय केलं ते लिहायला नको. विकणाऱ्या माणसाचं दुकान होतं तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं. कंपनीही उरली नव्हती. नव्या सॉफ्टवेअरची किंमत मी हळू आवाजात सांगितली. फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम मला सापडला, तेव्हा मी तिच्या घरापर्यंत अक्षरशः धावत गेले. ती खुर्चीत नीट बसली, हात पुसले, आणि सवयीनं वरून तिसरं, आत दुसरं दाबलं. तिथे गोगलगाय नव्हती. तिनं परत दाबलं. मी म्हटलं, "अक्का, नवीन आहे, मी शिकवते." चार दिवस शिकवलं. मी इंग्रजी शब्द सांगायचे, तिला जागा हवी असायची, आणि जागा सांगायला मला भरतकामाच्या टाक्यांचं काही कळत नव्हतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "तुझी परीक्षा आहे ना? जा तू." जुन्या फाइली त्यात उघडत, पण चित्रासारख्या नुसत्या बघायला. मोराची मान वाकवता येत नव्हती, खाली भरलेलं गिऱ्हाइकाचं नाव बदलता येत नव्हतं. आणि अक्काचं निम्मं काम तर जुनंच डिझाइन असं बदलून देण्याचं होतं.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. फॉरमॅटनंतर दोन दिवस तो झटकन उठला. मग परत पूर्वीसारखाच, अर्धा-अर्धा तास. म्हणजे दुखणं तिथे नव्हतंच. नंतरच्या एका शुक्रवारी मी तिच्याकडे होते. काम नसलं तरी तिनं खोकं ओढलं, केर काढला, पुसलं, कुंकू लावलं, जागेवर ढकललं. मी बटण दाबलं. क्षणात उठला. मी खोक्याकडे बघत राहिले. मग बाबांच्या मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर आणून पहिल्यांदाच ते उघडलं. आत डिस्कला जाणाऱ्या वायरीचं टोक सैल होतं, त्याची पकडून ठेवणारी पट्टी तुटलेली. ओढाओढीत ते कधी नीट बसायचं, मग पंख्याच्या थरथरीनं हळूहळू निसटायचं. मी ते टोक दाबून बसवलं आणि बाबांच्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधून टाकलं. पाच मिनिटंही लागली नसतील. तेव्हापासून तो एकदाही उशिरा उठलेला नाही. त्याच्यावर करायला काही उरलेलं नाही, एवढंच.

मी तिला सगळं सांगितलं. घाबरत, शब्द चुकत, पण सांगितलं. की दोष वायरीचा होता. की तिनं मंगळवार-शुक्रवार म्हटलं तेव्हाच तो सापडायला हवा होता. की फॉरमॅटची गरज नव्हती. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्या दिवशी मशीनवाला गेला ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं गं. म्हटलं, आज गुरुवार असला तरी ओढून, पुसून बघावं का एकदा. पण तू सगळं मांडून बसली होतीस. शिकलेलं माणूस बसलंय, आपण मध्ये काय केर काढायचा."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या गल्लीतला लॅपटॉपवाला कायमचाच झाला. अक्का दिवाळीनंतर म्हैसूर रोडकडच्या एका कपड्यांच्या कारखान्यात लागली, तयार शर्टांचे लोंबते दोरे कापायला. दिवसभर उभं राहायचं काम. खुर्ची देत नाहीत म्हणे. कधी कधी कॉलेजला जाताना ती मला बस स्टॉपवर दिसते, डब्याची पिशवी घेऊन, तिच्याबरोबरच्या बायकांत. मी आधी फूटपाथ बदलायचे. नंतर तेही जमेनासं झालं, कारण ती लांबूनच हाक मारते.

परवा तिनं अशीच हाक मारली. मी गेले. तिनं माझा दंड धरला आणि त्या बायकांना म्हणाली, "हीच ती. आमच्या गल्लीची. माझा कंप्युटर किती दिवस त्रास देत होता, कुणाला दोष सापडला नाही. हिनं उघडून नीट केला. आता बटण दाबलं की उठतो."

"अक्का," मी म्हटलं.

"गप गं. खोटं आहे काय त्यात?"

त्यातली एक बाई पुढे आली. तिच्या घरचा कॉम्प्युटरही हल्ली कसातरीच सुरू होतो म्हणाली, कधी लगेच, कधी नाहीच. माझा नंबर मागितला. अक्कानंच तो सांगितला, तोंडपाठ, एक आकडा न चुकता. मग त्यांची बस आली. अक्का मागच्या दारानं चढली, आणि खिडकीशी जागा नसल्यामुळे उभीच राहिली.