कुलूपताई आणि मालकांचे कॉन्टॅक्ट

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणी काय बघायचं आणि कुणी कशाला हात लावायचा, हे मालक नव्हे, कुलूपताई ठरवायच्या. ऑफिसच्या ईमेलमधली ग्राहकांची आणि पुरवठादारांची सामायिक कॉन्टॅक्ट यादी त्यांच्या ताब्यात होती. बहुतेकांना त्यात नुसतं बघायची परवानगी, दोघातिघांना बदल करायची.

"ताई, ट्रकवाल्याचा नंबर बदललाय. तेवढा मीच टाकू का?" हिशेबनीसाने एकदा विचारलं.

"मेल करा."

तो शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याने निमूटपणे मेल केला. 'कुलूपताई' हे टोपणनाव त्यानेच ठेवलेलं. ताईंच्या कानावर आलं, तेव्हा त्यांना ते कौतुकच वाटलं.

एक दिवस मालकांचा फोन बादलीत पडता पडता वाचला. त्यांनी ऑफिसचे फोन घेणाऱ्या फोनवालीला सांगून ताईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"माझ्या फोनमधले सगळे नंबर सामायिक यादीत टाका. उद्या फोन गेला तर धंदा बुडेल!"

"साहेब, आधी त्यातले खासगी नंबर वेगळे काढून द्या."

"मला कुठे वेळ आहे? तुम्हीच काढा."

"तुमचे कॉन्टॅक्ट वाचायची मला परवानगी नाही, साहेब."

"मग न वाचता टाका!"

ताईंनी शब्दशः तसंच केलं. फोन यादीला जोडला, 'सर्वांना बघता येईल' यावर खूण केली आणि चहाला गेल्या.

परतल्या तर ऑफिस चिडीचूप. प्रत्येकजण स्क्रीनला नाक लावून बसलेला. मालकांनी फोनमध्ये माणसं नावाने ठेवलीच नव्हती. हिशेबनीस होता 'उद्या बघू'. विक्रीप्रमुख 'गोड बोलेल, सावध'. सासूबाई 'उचलू नये'. आणि ज्याच्या जिवावर निम्मा कारखाना चालायचा, तो ग्राहक 'मोठा कंजूष'. विक्रीप्रमुखाने घाईघाईत यादीतूनच पत्ता उचलून त्याला दरपत्रक धाडलं, आणि मेलवर हे नावही ठळकपणे गेलं.

दुपारी मालकांच्या केबिनमधला फोन वाजला. ताई तिथेच उभ्या होत्या.

"मोठा कंजूष बोलतोय," पलीकडून आवाज आला. "मग धाकटा कोण हो?"

घाबरलेल्या मालकांच्या तोंडून खरं निसटलं, "तुमचे भाऊ."

मग पलीकडे हसण्याचा असा गडगडाट झाला, की मालकांनी फोन कानापासून लांब धरला. "हे मात्र अगदी बरोबर लिहिलंय!" ऑर्डर वाचली. मालकांनी मात्र फोन ठेवताच ताईंकडे मोर्चा वळवला.

"काढून टाका ते सगळं! आत्ताच्या आत्ता!"

"साहेब, पण यादी फोनला जोडलेली..."

"पण नाही नि बिण नाही!"

ताईंनी काढलं. मालकांच्या फोनमधूनही सगळे नंबर साफ झाले.

त्या दिवशी लोक ताईंकडे जरा कीव आल्यासारखे बघत होते. हिशेबनीसाने तर मेल न करता स्वतःहून बिस्कीट पुढे केलं. घरी जेवताना नवऱ्याने विचारलं, "तुला काय म्हणून ठेवलं होतं?"

"मी बघितलं नाही."

"अगं, सगळ्या ऑफिसने बघितलं!"

"त्यांना परवानगी होती."

बोलून गेल्या खऱ्या, पण ताटातला भात नुसता चिवडत राहिल्या. 'कटकट' असेल? की 'नन्नाचा पाढा'?

दुसऱ्या दिवशी मालकांनी फोन त्यांच्या हातात ठेवला. "जसे होते तसे परत आणा. आणि वाचा हवं तर, आता काय राहिलंय लपवायला!"

जुनी प्रत ताईंनी जपून ठेवलीच होती. नंबर परत आले आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाचले. स्वतःला आडनावाने शोधलं, मग नावाने, मग सुचतील त्या सगळ्या वाईट शब्दांनी. 'गळका नळवाला' होता, 'शेजारी, कुत्रा' होता. ताई कुठेच नव्हत्या. एवढ्या वर्षांत त्यांचा नंबर जवळ ठेवावा असं मालकांना कधी वाटलंच नव्हतं. काम निघालं की फोनवालीला सांगायचं, बाई हजर.

'कटकट' असतं तरी बरं होतं, असं ताईंना वाटून गेलं. मग, जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. परवानगी नसताना मालकांच्या फोनमध्ये नवीन कॉन्टॅक्ट उघडला, आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि घरचा नंबर टाकला. कान गरम झाले होते, पण बरं वाटलं.

रविवारी सकाळी घरचा फोन खणखणला.

"अहो, तुमचा नंबर माझ्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं!" मालक खुशीत होते. "आमच्या टीव्हीवर काहीच दिसत नाहीये. जरा सांगता का?"

त्यानंतर एकही रविवार मोकळा गेला नाही. टीव्ही झाला, प्रिंटर झाला, मग मालकांच्या सासूबाईंचा नवा फोनही झाला. शेवटी नवरा वैतागला.

"पण यांना आपल्या घरचा नंबर दिला कोणी?"

"चौकशी चालू आहे," ताई म्हणाल्या आणि पुन्हा खणखणलेला फोन घ्यायला उठल्या.